तीन पेरं

छातीचा फोटो काढताना मी माणसाला तीनच गोष्टी सांगते. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. मिरजेतल्या ज्या हॉस्पिटलात मी एक्स-रे काढते, तिथं माझ्या एका सांगण्यावर भलेभले निमूट श्वास धरतात. बरोबरची मुलगी विचारते, "ताई, तुमचा फोटो पहिल्या फटक्यात कसा येतो? माझे पेशंट हलतात." मी हसून वेळ मारून नेते. खरं उत्तर असं आहे की 'धरून ठेवा' कसं म्हणायचं ते मला टोणपे सरांनी शिकवलं, आणि त्यांचं नाव मी आपणहून तोंडावर आणत नाही.

गेल्या महिन्यात ते नाव कागदावर बसून माझ्या टेबलावर आलं. माधव टोणपे, वय सदुसष्ट, हर्नियाच्या ऑपरेशनआधी छातीचा फोटो. दाराच्या फटीतून पाहिलं तर बाहेरच्या बाकावर तेच बसले होते, शर्टाच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. मी त्यांचा कागद सगळ्यांच्या खाली सरकवला आणि आधी दुसरे चार पेशंट घेतले.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी साताऱ्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात होते. सर तिथं मराठी शिकवायचे, म्हणजे पगार मराठीचा घ्यायचे. जीव होता तो नाटकाच्या वर्गात. अकरावीला येईल त्याला ते 'कच्च्या वर्गात' घेत आणि वर्षाच्या शेवटी त्यातले आठ जण निवडून बारावीचा 'पक्का वर्ग' करत. कॉलेज सुटल्यावर हा वर्ग रसायनशास्त्राच्या जुन्या प्रयोगशाळेत भरायचा. ओट्यावरचे नळ कधीच कोरडे पडलेले, पण वास मात्र पक्का राहिलेला. खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा. वाक्य म्हणताना कुणाची नजर तिकडं गेली की सर म्हणायचे, "किल्ल्याला ऐकू येत नाही. समोरच्याला सांगा."

दिसायला माणूस अगदी साधा. बुटका, सडपातळ, आवाज कधी न चढणारा. शिकवताना पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायचे, पण राग आला किंवा फार आनंद झाला की मूळचं तासगावकडचं बोलणं बाहेर पडायचं. आम्ही आठही जण त्या बोलण्याची वाट बघायचो, कारण त्याशिवाय सरांच्या मनात काय आहे ते कळायला दुसरा मार्ग नव्हता. नाही म्हणायला आणखी एक खूण होती, फुटाणे. त्यांच्या वरच्या खिशात कागदाची पुडी असायची. कुणाचं काम मनासारखं झालं की त्यातला एक फुटाणा काढून तळहातावर ठेवायचे. एकच. सचिन म्हणून आमच्या वर्गात एक मुलगा होता, त्यानं एकदा विचारलं, "सर, मूठभर दिले तर काय होतंय?" सर म्हणाले, "मूठभर द्यायला तू घोडा आहेस का?" वर्षभरात मला एकूण सात फुटाणे मिळाले. त्यातले दोन मी खाल्ले नाहीत, कंपासपेटीत ठेवले होते. आता हसू येतं, पण तेव्हा त्या दोन फुटाण्यांपुढं मला बोर्डातला नंबरही फिका वाटला असता.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला हवेतली कळशी उचलायला लावली. आधी रिकामी, मग भरलेली. शहरातल्या मुली हाताला झटके देत, तोंड वाकडं करत कळशी उचलत होत्या. माझी पाळी आली. आमच्या गावाला नळाला दिवसाआड पाणी, त्यामुळं कळशीशी माझी ओळख जुनी. मी गुडघे मोडले, कमरेवर घेतली, दुसरा हात आपोआप बाजूला गेला. सर म्हणाले, "हिनं पाणी वाहिलेलं आहे." मी खूश. लगेच म्हणाले, "त्यात नटाचं काही नाही. आता कधी न उचललेलं उचलून दाखव. सतार उचल." मिरजेतल्या कारागिराकडं ते आम्हाला पुढं एकदा घेऊन गेले आणि सतारीचा भोपळा प्रत्येकाच्या मांडीवर ठेवायला लावला. "वजन बघा. मोठं दिसतं, पण हलकं आहे. नट इथंच फसतो." घरी येऊन आठवडाभर मी हवेतली सतार उचलत होते. आई म्हणाली, "काय गं, वाऱ्यात काय चाचपतीस?"

त्यांचं सगळं शिकवणं वजन, श्वास आणि पेरं या तीन गोष्टींवर उभं होतं. पेरं म्हणजे बोटांची पेरं. बायका जप करताना अंगठा बोटाच्या पेरांवर सरकवतात ना, तसं. नाटकातला पॉज सर पेरांवर मोजायला शिकवायचे. अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवायचा आणि वर जायचं. एक पेर म्हणजे साधा श्वास. दोन पेरं म्हणजे समोरचा बोलला ते आत पोचलं. तीन पेरं म्हणजे आता जे वाक्य येणार, ते हा माणूस आयुष्यात पुन्हा म्हणणार नाही. "आणि तीनपुढं चौथं मोजलंत," सर सांगायचे, "तर प्रेक्षक खोकणार. हमखास खोकणार." हात मांडीला चिकटलेला हवा, पदराआड हवा, खिशात हवा, अंगठा कुणाला दिसता कामा नये. आम्ही एसटीत, जेवताना, परीक्षेला पेपर हातात पडल्यावर पेरं मोजायचो. सरांना स्वतःला तर ती सवयच जडली होती. वर्गात काही महत्त्वाचं सांगायचं असलं की त्यांचा अंगठा करंगळीवर चढायला लागायचा आणि आम्ही आपसात डोळे मिचकवायचो की आता मोठं वाक्य येणार.

तालीम ते पाठ करून ऐकायचे. खुर्ची उलटी फिरवायची, तोंड फळ्याकडं आणि पाठ आमच्याकडं. डोळे फसतात, कान फसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. एखादं वाक्य खोटं पडलं की त्यांची मान किंचित डावीकडं कलायची. आम्ही त्या मानेकडं बघत नाटक करायचो.

रडण्याचा त्यांना भयंकर तिटकारा. "रडू येणं हा काही गुण नाही. सर्दी झाली तरी डोळ्यांतनं पाणी येतं," असं म्हणायचे. एकदा त्यांनी 'बातमी ऐकणं' हा पाठ दिला होता. एकानं बातमी सांगायची, दुसऱ्यानं ती ऐकायची, शब्द न बोलता. सचिनची पाळी होती आणि त्याचे आजोबा वारून महिनाही झाला नव्हता. त्यानं डोळे मिटले आणि ढसाढसा रडला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर वळले. चेहरा असा की टाळ्या हातातच राहिल्या.

"आज्याला कुनी आनलं रं हितं?" सर म्हणाले. "त्यो मानूस तुझा हाय. नाटकाचा न्हाई. आज आनलास, उद्या परत आनशील, धाव्या टायमाला त्यो येनार न्हाई. मग नाटक बी गेलं आन आज्या बी गेला."

मग त्यांनी सचिनला बाहेर नेलं, चहा पाजला, आणि तास संपेपर्यंत त्याच्याकडून आजोबांच्या गोष्टी ऐकत कट्ट्यावर बसून राहिले. आम्ही खिडकीतून बघत होतो. असा मास्तर आपल्याला मिळाला म्हणून त्या दिवशी माझा ऊर भरून आला होता, हे मला कबूल केलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी बातमी ऐकायची पाळी माझी होती. मी आधीच सरांकडं गेले. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, तेव्हा फौजेत हवालदार होते आणि वर सरहद्दीवर होते. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. तिथं फोनचा एक रिवाज आहे, जो कुणी शिकवत नाही पण पोरासोरांनाही पाठ असतो. फोन उचलला किंवा लावला की पहिलं वाक्य 'सगळं ठीक हाय'. मग बाकीचं. गाय व्याली असो, कुणाचं लग्न ठरलेलं असो, आधी 'सगळं ठीक हाय'. ते वाक्य आलं नाही तर ऐकणाऱ्या बाईचा हात भिंत शोधायला लागतो. हे सगळं मी सरांना सांगितलं आणि विचारलं, "सर, ते वाक्य न आलेला फोन मनात आणून करू का?"

सर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "त्यो फोन हितं आनायचा न्हाई, पोरी. कवाच न्हाई. श्वास खाली सोड, वजन टाचेवर घे, पेरं मोज. तुझ्या बापाचं काय काम न्हाई हितं."

मी तसंच केलं. श्वास, टाच, पेरं. एक फुटाणा मिळाला. कंपासपेटीतला पहिला तो.

दरवर्षी हिवाळ्यात सांगलीला कॉलेजांच्या एकांकिकांची स्पर्धा असायची. सांगलीत नाटक नेणं म्हणजे परीक्षाच. तिथला पानवालासुद्धा दुसऱ्या दिवशी "तिसऱ्या प्रवेशात लाइट उशिरा आला बघा" असं सांगतो. सरांचा वर्ग तिथं कित्येक वर्षं दुसरा येत होता. आमच्या वर्षी गोष्ट वेगळी होती. संस्थेला ती प्रयोगशाळा प्रवेश परीक्षांच्या शिकवणीला हवी होती. पहिला नंबर आणा, मग बघू, असं सरांना सांगण्यात आलं होतं. सर आम्हाला एकदाच म्हणाले, "वर्ग राहायचा की नाही, ते सांगलीत ठरणार." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, पण फुटाणे वाटायचे बंद झाले.

एकांकिका सरांनीच लिहिली होती, नाव 'डबा'. एका एसटी स्टँडवर एक मुलगी रोज दुपारी आपल्या भावाला डबा द्यायला येते. भाऊ कंडक्टर, त्याची गाडी तिथं पाच मिनिटं थांबते. आज गाडी येत नाही. लोक येतात, जातात, गप्पा होतात आणि शेवटी चौकशीच्या खिडकीतला माणूस तिला सांगतो की गाडी घाटात दरीत कोसळली. तिनं ऐकायचं, तीन पेरं थांबायचं आणि म्हणायचं, "मग हा डबा कुणाला देऊ?" पडदा.

ती मुलगी मी होते. त्या एका वाक्यावर आम्ही तीन महिने घालवले. डब्यात खरं जेवण भरून किती वजन होतं ते बघितलं, मग रिकाम्या डब्यात ते वजन आणलं. बातमी ऐकल्यावर डबा खाली येत नाही, उलट बोटभर वर जातो, हे मी स्वतः शोधून काढलं होतं. सरांनी शिकवलं नव्हतं. ते बघितल्यावर सर म्हणाले होते, "हे कुठून आलं?" मी म्हटलं, "डबा जपायचा आहे ना तिला." दुसऱ्या दिवशी सरांनी संहितेत पेन्सिलनं लिहून ठेवलं, डबा वर.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शेवटची तालीम झाली. सर पाठ करून बसले. मी ऐकलं, डबा वर गेला, पेरं मोजली, वाक्य म्हटलं. सरांची मान कलली नाही, पण ते वळलेही नाहीत. फळ्याकडंच बघत म्हणाले, "सकाळी सहाची गाडी आहे. डबे घेऊन या. खरे, भरलेले." एवढंच. फुटाणा नाही, शब्द नाही. मी सचिनला विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, "मला तर काटा आला." पण सचिनला कशानंही काटा यायचा. मी घरी जाताना हेच धरून बसले की जमलं नाही.

सांगलीत आमचा नंबर दुपारी होता. थिएटर भरलेलं. शेवटच्या प्रवेशाआधी मला दोन मिनिटं विंगेत थांबायचं असायचं. तिथं मी डबा धरून श्वास खाली सोडत उभी होते. सर मागून आले. त्यांच्या हातात त्यांचा मोबाइल होता.

"रूपाली," ते म्हणाले, "घरनं फोन आलता."

एवढंच म्हणून थांबले. 'सगळं ठीक हाय' म्हणाले नाहीत.

"आप्पांच्या तुकडीवर गोळीबार झालाय म्हनं. नावं कळली न्हाईत अजून." माझ्या दंडाला धरून त्यांनी मला रंगमंचाच्या बाजूला वळवलं. "जा. एंट्री हाय."

मी गेले. कशी गेले ते मला सांगता येणार नाही. खिडकीतल्या माणसाचं काम सचिन करत होता, त्यानं बातमी सांगितली आणि मला ती दुसऱ्यांदा ऐकू आली. डबा वर गेला नाही, हातातून सुटला. पोळ्या, भाजी, सगळं रंगमंचावर. मी पेरं मोजली नाहीत. किती वेळ गेला, माहीत नाही. मग माझ्या तोंडातून वाक्य निघालं, पण सरांनी लिहिलं होतं तसं शुद्ध नाही. "मंग ह्यो डबा कुनाला दिऊ?" थिएटरात कुणीही खोकलं नाही. पडदा पडला आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की सचिन माझ्याकडं बघून हसायला लागला.

मी त्याच वेषात, अनवाणी बाहेर पळाले. फाटकाजवळच्या दुकानात रुपया टाकायचा फोन होता. माझ्याकडं रुपयाही नव्हता, दुकानदारानंच चेहरा बघून टाकला. आमच्या घरी फोन वाजला. आईनं उचलला.

"सगळं ठीक हाय. बोल."

मी म्हटलं, "आप्पा?"

"सकाळीच फोन आलता त्यांचा. सुट्टी मंजूर झाली म्हनत्यात. का गं? आगं, रडतीस कशापायी? नाटक पडलं व्हय?"

मी फोन ठेवला आणि दुकानाच्या पायरीवर बसले. पहिल्यांदा नुसतं हायसं वाटलं. आप्पा आहेत, सुट्टीवर येतायत. दुकानदारानं पाणी दिलं, ते प्यायले. पाणी पिताना मग हळूहळू दुसरी गोष्ट लक्षात आली. फोन घरून आलाच नव्हता.

सर मागच्या दाराशी उभे होते. मला बघताच त्यांनी खिशातली पुडी काढली आणि सगळीच्या सगळी माझ्या ओंजळीत रिकामी केली. मूठभर फुटाणे. "परीक्षक पेन खाली ठिवून बसलेवते," ते म्हणाले. डोळे चमकत होते. तासगावचं बोलणं बाहेर आलं होतं, म्हणजे आनंद खरा होता.

"सर, फोन आलाच नव्हता."

"न्हवता," सर म्हणाले. "वर्ग वाचला, पोरी. कळंल तुला पुढं."

"मी केलं असतं. मोजून केलं असतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. आतून निकालाची घोषणा सुरू झाली होती आणि त्यांचे कान तिकडं होते. "आता काय त्याचं," असं म्हणून ते आत गेले. मी ओंजळ उघडली. फुटाणे पायरीवरून घरंगळत गेले.

पहिला नंबर आला. अभिनयाचं बक्षीसही मलाच. मी जाणार नव्हते, सचिननं ढकललं म्हणून गेले. त्यानंतर सरांना चार शब्द बोलायला बोलावलं. मी रंगमंचावर त्यांच्या शेजारीच उभी होते. ते माइकसमोर गेले, थांबले आणि म्हणाले, "या मुलीनं आज एकही अश्रू खरा ढाळलेला नाही. तुम्ही पाहिलंत ते सगळं तंत्र आहे. वर्षभराची मेहनत आहे." पुन्हा टाळ्या. विंगेत घडलं त्यापेक्षा मला हे लागलं. खोटं बोलून त्यांनी माझ्याकडून काम काढून घेतलं, आणि जे काम मी केलंच नव्हतं ते माझ्या नावावर लावलं. परतीच्या गाडीत सगळे गाणी म्हणत होते. मी डोकं दुखतंय म्हणून खिडकीला टेकून बसले.

पंधरा दिवसांनी आप्पा आले. गावभर त्यांनी बक्षिसाची बढाई मारली आणि मग पडवीत बसून म्हणाले, "आमाला न्हाई दावनार व्हय? आन डबा." शेजारच्या चार बाया जमल्या. मी उभी राहिले, डबा धरला, अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवला. समोर आप्पा बसलेले, चांगले धडधाकट, मिशीत हसतायत. आणि माझ्या कानात तेच, 'नावं कळली न्हाईत अजून'. घसा बसलाय असं सांगून मी आत निघून गेले. आप्पांना मी खरं कारण आजवर सांगितलेलं नाही. आता ते निवृत्त होऊन शेती बघतात, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरतात, पण सांगितलं तर अजूनही सर असतील तिथं जाऊन त्यांच्या कानाखाली काढतील.

त्यानंतर मी रंगमंचावर पाऊल ठेवलं नाही. पुढच्या वर्षी कॉलेजातली एक मुलगी स्टँडवर भेटली, मोठ्या कौतुकानं म्हणाली, "ताई, सर तुमचा पॉज शिकवतात आम्हाला. रूपालीचा पॉज म्हणतात." दोन वर्षांनी ती प्रयोगशाळा प्रवेश परीक्षेच्या शिकवणीला गेलीच. सरांनी वेळेआधी निवृत्ती घेतली आणि सांगलीला मुलाकडं राहायला गेले, असं सचिनकडून कळलं.

माणसाला राग येतो आणि जातो. माझा गेला नाही. पण खरं सांगायचं तर त्या खोट्या फोनपेक्षा मला दुसरंच काहीतरी कुरतडत राहिलं. सरांनी ते केलं, ते मला जमत नव्हतं म्हणून, की जमत असूनही? जमत नसेल, तर मी नाटक सोडलं हे ठीकच झालं, सोडण्यासारखं काही नव्हतंच. जमत असेल, तर त्यांनी माझं काय घेतलं याला हिशेब नाही. हे फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि तो आदल्या दिवशी माझ्याकडं पाठ करून बसला होता.

म्हणूनच चार पेशंट झाल्यावर मी पाचवा कागद उचलला आणि हाक मारली. तोंडाला मास्क होता. सर आत आले, वाळले होते, डावा पाय जरा ओढत होते. शर्ट काढायला सांगितला. खिशात हात घालून त्यांनी आधी एक कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली, मग शर्ट खुर्चीवर नीट घडी घालून ठेवला. फोटोसाठी माणसाला प्लेटकडं तोंड करून उभं करतात. माझ्याकडं त्यांची पाठ झाली.

"हनुवटी वर. हात कमरेवर, तळवे मागं," मी म्हटलं.

त्यांची मान किंचित डावीकडं कलली.

"रूपाली जगताप," सर न वळता म्हणाले. "आवाज पोटातनं येतोय. माझ्या वर्गातला आहे."

मी काचेमागं गेले होते. बटणाजवळ हात होता. इतक्या वर्षांत किती प्रकारांनी हा प्रश्न मनात मांडला होता, आणि आला तो असा, पेशंटला सूचना द्यावी तसा.

"सर, आदल्या दिवशी तालमीत मला जमलं होतं का?"

ते वळले नाहीत. वळायचं नव्हतंच. कमरेवर पालथे ठेवलेले त्यांचे दोन्ही हात माझ्यासमोर होते, तळवे उघडे. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. उजवा अंगठा हलला. करंगळीच्या खालच्या पेरावर गेला, मग मधल्या, मग वरच्या.

"जमलं होतं," सर म्हणाले. "पूर्ण जमलं होतं. मीच भ्यालो."

या एका वाक्यासाठी मी पंधरा वर्षं थांबले होते. ते आलं, आणि तीन पेरं मोजून आलं. त्यांनी जन्मभर ज्या वाक्यांआधी ती मोजली, त्यातली खरी किती होती कुणास ठाऊक. विंगेतलं खोटं तासगावच्याच बोलण्यात आलं होतं, तरीही ते बोलणं आलं असतं, तर मी विश्वास ठेवला असता. आलं ते शुद्ध, पुस्तकातल्यासारखं. मी त्या पाठीकडं बघत राहिले. पाठीवरून मला काहीच कळलं नाही.

"श्वास घ्या," मी म्हटलं. "धरून ठेवा."

त्यांनी घेतला, खाली, पोटात, जसा शिकवायचे तसा. मी बटण दाबलं. फोटो निघाला. 'सोडा' म्हणायला हवं होतं. काचेमागं माझा अंगठा करंगळीवर गेला होता. एक, दोन, तीन.

मग मी चौथं मोजलं.

सर खोकले.

"सोडा," मी म्हटलं, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.